चांदचाचा आणि एक जून

चांदचाचा कुणाच्या तोंडाकडे आधी बघत नसत. आधी उजवा हात पुढे करत. तळवा वर, बोटे थोडी वाकलेली, आणि एकच शब्द, "पास?" समोर दूधवाला असो, ग्रामसेवक असो, नाहीतर त्यांचा स्वतःचा जावई असो. जन्मभर बसमध्ये काढलेला माणूस. आधी कंडक्टर होते, मग उमरग्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर झाले. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते खिडकीतून भोंग्यावर पुकारायचे. रिटायर होऊन माकणीला घरी आले, पण हात तसाच पुढे येत राहिला.

हे सगळे मला नंतर कळले. आधी मला त्यांची भीतीच वाटली होती.

माझी मुलगी सुजाता आठवीत गेली तेव्हा तिला शाळेतून सायकल मिळाली. निळी, जड, पुढे जाळीची टोपली असलेली. शाळा सुटली की ती धरणाच्या भिंतीवरच्या रस्त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ये-जा करायची. एक दिवस भाकरी खाता खाता म्हणाली, "आई, भिंतीच्या टोकाला एक म्हातारा खुर्ची टाकून बसतो. मी गेले की घड्याळात बघतो आन वहीत कायतरी लिवतो."

"कवापासून?"

"लई दिवस झाले. महिना झाला असंल."

मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. दिवसभर बायका काय काय बोलतात ते कानावर पडते. वयात येणारी पोर आणि तिची वेळ टिपून ठेवणारा म्हातारा, एवढे मला पुरेसे होते. घरात कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी गवताला जाते म्हणाले, पदराखाली विळा घेतला आणि पाचच्या आधीच भिंतीजवळच्या बाभळीमागे जाऊन उभी राहिले.

म्हातारा होता. पांढरा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी, घडीची खुर्ची. सुजाता लांबून आली, त्याच्या पुढून गेली. त्याने मनगट डोळ्यांजवळ नेले आणि लिहिले. माझी मूठ विळ्यावर घट्ट झाली. पण पुढे जाऊन काय बोलायचे? मला चार माणसांत कधी बोलता आलेले नाही. हेडमास्तरांनी मीठ विचारले तरी मी मान हलवते.

तेवढ्यात तो मागे न बघताच मोठ्याने म्हणाला, "अक्का, बाभळीमागं काटं हायती. हिकडं या."

मी गेले. हात पुढे आला. "पास?"

माझा विळा पदराबाहेर आला होता. त्यांनी तो बघितला, मान डोलावली. "चालतो. आईचा पास हाय." आणि वही माझ्या हातात दिली.

वहीत दर दिवसाची तारीख होती. खाली दुधाचा टेम्पो, साखर कारखान्याची जीप, शाळेची गाडी आणि 'निळी सायकल'. प्रत्येकापुढे जाण्याची आणि येण्याची वेळ. मला वाचता येते, म्हणून मी बोट ठेवून वाचत गेले.

"दुधाचा टेम्पो रोज उशिरा," ते म्हणाले. "जीपवाल्याचा तर काय भरवसाच न्हाय. ही एकटी वक्तावर. आन हप्त्या हप्त्याला जराजरा लवकर यायलीय. इतक्या जड सायकलीवर. मी जिल्ह्याच्या सायकल शर्यतीत वेळ घ्यायला बसतो, मला कळतं. आईबापाला ठाऊक हाय का, घरात काय हाय ते?"

मी मान हलवून नाही म्हटले. विळा मागे लपवला.

त्यानंतर सुजाता त्यांच्या घड्याळावर सायकल चालवू लागली. चाचा शिकवत नसत. वेळ सांगत, एवढेच. एखाद्या दिवशी ती टोकाला यायच्या आधीच मी म्हणायची, "आली बगा, दिसायली." ते पेन उचलत नसत. "अक्का, गाडी फाटकातून आत शिरल्याबगर मी तिचं नाव घेत न्हाय. येती म्हंजी आली न्हवं." स्टँडवरही त्यांची हीच रीत होती म्हणे. लोक खिडकीशी भांडायचे, समोर वळणावर गाडी दिसत असायची, पण चाचा भोंग्याला हात लावत नसत.

उमरग्यात एका मेडिकलवाल्यांचा सायकल क्लब होता. सकाळी हायवेच्या कडेने वीस-पंचवीस जण मिळून जायचे. त्यांनी सुजाताला बघितले, क्लबमध्ये घेतले, आपली जुनी गिअरची सायकल वापरायला दिली, पिवळा टीशर्ट दिला आणि फोटोचे एक चकचकीत कार्ड दिले. सुजाताच्या बाबांनी ते कार्ड अख्ख्या गल्लीला दाखवले. ते ढोकीच्या कारखान्याला ऊस नेणारा ट्रॅक्टर चालवतात. कधी कुणाचे कौतुक न करणारा माणूस, पण ते कार्ड खिशात घालून हिंडत होता. चाचांनाही दाखवले. चाचांनी उलटसुलट बघून परत दिले.

"झ्याक हाय. पण कशाचं हाय ते इचारलं का?"

"कशाचं म्हंजी? सायकलीचं!" बाबा म्हणाले.

पुढच्याच महिन्यात धाराशिवला जिल्ह्याची शर्यत होती. आम्ही पहाटेची गाडी धरून गेलो. मांडवात टेबल होते. तिथल्या माणसाने कार्ड बघितले आणि म्हणाला, "हे क्लबचं आहे. संघटनेची नोंदणी कुठे आहे? लायसन?"

"लायसन?" बाबा म्हणाले. "अहो सायबा, सायकल हाय, फटफटी न्हाय."

मांडवातले सगळे हसले. सुजाता पिवळ्या टीशर्टात मान खाली घालून उभी. पलीकडच्या टेबलावर, घड्याळ गळ्यात अडकवून, चांदचाचा बसले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी आमच्याकडे बघितले नाही. आम्हाला परत पाठवले.

संध्याकाळच्या गाडीत ते आमच्या पुढच्या सीटवर येऊन बसले. मला इतका राग आला होता की मी, जिला बोलता येत नाही, तीच बोलले. "चाचा, तुमी तिथंच बसला हुता."

"व्हय."

"एक शबूद बोलला न्हाई."

"टेबलावर बसल्यावर मी कुणाचा चाचा नसतो अक्का. तिथं ओळख दावली तर घड्याळावर कोण इश्वास ठिवंल?" मग ते पाठ वळवून, सीटच्या दांडीवर हात ठेवून सांगू लागले. "गाडी कुठली ते न बघता चढला तुमी. आता ऐका. क्लबचं कार्ड म्हंजी स्टँडात उभं ऱ्हायाची मुभा. सावली हाय, पाणी हाय, चार चांगली माणसं बोलायला हायती. सोडू नका. पण तेवढ्यावर गाडी कुठं नेत न्हाय. जिल्हा संघटनेची नोंदणी म्हंजी तिकीट. कुठल्या जिल्ह्याकडनं जाणार ते त्याच्यावर लिवलेलं. आन लायसन म्हंजी सीट नंबर. त्यावर तुमचंच नाव, तुमचंच वय. दुसरं कुणी बसायचं न्हाय. दर साली नवा काढायचा."

"मग तिन्ही काढतो," बाबा म्हणाले.

"थांबा. सगळे पास गोळा करून खिसा भरायची घाई नको. आधी पोरीला इचारा, जायाचं कुठं हाय? मजेनं फिरायचं तर क्लब पुरे. शर्यत लावायची तर बाकीचे दोन."

सुजाता खिडकीला कपाळ टेकून बसली होती. तशीच म्हणाली, "मला शर्यत लावायचीय."

जिल्ह्याच्या पुढच्या शर्यतीतून प्रत्येक वयोगटातल्या दोघी राज्याच्या निवडीला जाणार होत्या. तिथे पहिल्या तिघींत आली तर क्रीडा वसतिगृहात जागा. राहणे, शाळा, चांगली सायकल, शिकवणारे. बाबांनी गाडीतच सांगून टाकले, "ह्यो एक साल. न्हाय जमलं तर सायकल बंद. शिवणाच्या क्लासला जायाचं." सुजाताने माझ्याकडे बघितले. मी खिडकीबाहेर बघितले.

त्या शर्यतीचा आणि लायसनचा फॉर्म भरायला आम्ही चाचांच्या ओसरीवर बसलो. चाचींनी चहा आणला. चाचा एकेका ओळीखाली पट्टी ठेवून लिहीत. नाव, गाव, क्लब. जन्मतारखेची ओळ आली तशी त्यांनी पेन माझ्यापुढे धरला.

"ही रेघ आई लिवती. माझा कायदा हाय."

"दाखल्यावर हाय की," बाबा म्हणाले. "एक जून."

चाचा हसले. "माझा बी एक जून. आमच्या स्टँडातले सहा जण एकतीस मेला एकदम रिटायर झालो. सगळे एक जूनवाले. हार कमी पडले, एकच हार सहा माना फिरला." मग ते मला म्हणाले, "अक्का, दाखला ऱ्हाऊ द्या बाजूला. पोरगी कवा झाली?"

कधी झाली ते मला ठाऊक नसणार तर कुणाला? बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. विहारात खिरीचे सामान निवडत होतो आणि माझ्या पोटात कळ आली. नर्सबाईंनी नाळ कापली तेव्हा बाहेर पोरे निळे झेंडे बांधत होती. शाळेत घालायच्या वर्षी आम्ही ऊसतोडीला कर्नाटकात होतो. म्हणून ती एक साल उशिरा शाळेत गेली. तेव्हाच्या गुरुजींनी तिच्याकडे बघितले, वय जास्त दिसते म्हणाले आणि सगळ्यांना लावतात तशी एक जून लावली, एक साल पुढची. बाबा "लावा" म्हणाले. मी पदराचे टोक चावत उभी राहिले. मला बोलता आले असते.

शर्यतीत गट जन्माच्या सालावर ठरतो. दाखल्याप्रमाणे सुजाता धाकट्या गटात बसत होती. तिथे जिल्ह्यात तिच्या जवळपास कुणी नव्हते. खऱ्या तारखेने ती मोठ्या गटात जाणार होती. तिथे धाराशिवच्या, तुळजापूरच्या मुली, भारी सायकलींच्या, दोन-दोन वर्षे शर्यती केलेल्या.

"आता कशाला उकरून काढती?" बाबा माझ्या कानाशी म्हणाले. "अख्ख्या गावाचा एक जून हाय."

सुजाता उंबऱ्यात उभी होती. मी पेन घेतला आणि दाखल्यावरची तारीख लिहिली. एक जून.

चाचांनी कागद घेतला. कागदाकडे बघितलेच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ते आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. चहा गार झाला. मग खाली जिथे 'माहितीची खात्री केली आहे' असे छापले होते, तिथे त्यांनी सही केली.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. एकदा खिचडी तळाला लागली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाचला सुजाताबरोबर भिंतीवर जायचे, पण चाचांच्या खुर्चीपासून चार हात लांब उभी राहायचे. त्यांनी फॉर्मचे नाव काढले नाही. एकदा मात्र पाण्याकडे बघत आपणहून बोलायला लागले.

"आमच्या गुरुजींनी मला दोन सालं धाकटं केलं. फायदाच झाला म्हणा. दोन सालं जास्त नोकरी. माझ्यामागं काशिनाथचा नंबर हुता. लई हुशार माणूस. माझ्याऐवजी खिडकीत बसला तर गाड्या वेळेवर सुटायच्या. पण मी उठल्याबगर त्येला खुर्ची कशी मिळंल? दोन सालं मी बसून ऱ्हायलो, तवर त्येचंच रिटायर व्हायचं आलं. कंडक्टर म्हणून आला, कंडक्टर म्हणून गेला."

लांबून सुजाताची सायकल दिसायला लागली.

"माझ्या निरोपाला आला हुता. तो फिरता हार माझ्या गळ्यात त्येनंच घातला. म्हणला, चांदसाब, आता आराम करा." चाचांनी मनगट वर केले. सुजाता पुढून गेली. "पाच सतरा," ते म्हणाले आणि लिहिले.

शर्यतीच्या दिवशी धाराशिवच्या बाहेर मोकळ्या रस्त्यावर मांडव होता. एकेकीला एका मिनिटाने सोडत होते. चाचा टेबलावर, गळ्यात घड्याळ, हातात शिट्टी. लायसनचा नंबर या खेपेला सुजाताच्या पाठीवर होता. धाकट्या गटात सात मुली. सुजाता चौथी. तिच्या मागे एक काटकुळी पोर होती, पाय पेडलला जेमतेम पोचत होते. तिची आई खाली बसून तिच्या बुटाची नाडी बांधत होती. माझ्याकडे बघून हसली.

"तुमची का ओ? चांगली दांडगी हाय. वय काय हिचं?"

साधे विचारले होते. मनात काही नव्हते.

"आमची गेल्या साली तिसरी आली," ती बाई सांगत होती. "दोघींलाच नेतात ना. यंदा सकाळी चारला उठायलीय पोर. देव करो आन..." आणि तिने नाडीची गाठ दोनदा आवळली.

पहिली सुटली. शिट्टी वाजली. दुसरी सुटली. माझ्या डोळ्यांपुढे काशिनाथ नावाचा न बघितलेला माणूस हार घेऊन उभा होता. तिसरी रेषेवर गेली. सुजाताने हेल्मेटचा पट्टा लावला आणि माझ्याकडे बघितले. तिलाही ठाऊक होते. घरात एवढ्या वेळा विहारातल्या खिरीची गोष्ट सांगितलेली, तिला ठाऊक नसेल कसे? तिसरी सुटली.

मी टेबलाकडे चालत गेले. मांडवात पन्नास माणसे असतील. संघटनेचे सेक्रेटरी म्हणाले, "बाई, मागे व्हा, शर्यत चालू आहे."

"तारीख खोटी हाय."

"काय?"

"माझ्या पोरीची. चार नंबरची. एक जून न्हाई. ती बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी झालीय. आदल्या सालच्या. मी आई हाय, मला ठाऊक हाय."

मागून बाबा ओरडले, "अगं ए! याड लागलं का तुला?" सुजाता रेषेवर उभी होती. शिट्टी वाजली नाही.

सेक्रेटरींनी कागद उपसले. "लायसन तर या तारखेचं दिलंय. खात्रीची सही कुणाची आहे?"

चांदचाचा उठून उभे राहिले. गळ्यातले घड्याळ काढून टेबलावर ठेवले. "माझी. सही माझी, चूक माझी. खुर्ची दुसऱ्याला द्या."

सेक्रेटरी वयाने त्यांच्या पोरासारखे. पण एवढ्या माणसांसमोर झाले होते. ते म्हणाले, "चाचा, तुम्ही बाजूला बसा." सुजाताचे नाव धाकट्या गटातून काढले. मोठ्या गटात घालायला खऱ्या तारखेचा कागद नव्हता. ती सायकल हातात धरून रस्त्याच्या कडेला झाली. तिने माझ्याकडे असे बघितले की मी आजही ते डोळे आठवले तर हातातले काम थांबते.

चाचा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. म्हणाले, "साहेब, एक मागतो. पोरीला सगळ्यांच्या शेवटी सुटू द्या. नोंद नको, नंबर नको. वेळ मी माझ्या हातातल्या घड्याळावर घेतो." सेक्रेटरींनी हो म्हटले.

मोठ्या गटाच्या मुली परत आल्यावर सुजाता सुटली. रडत सुटली. परत आली तेव्हा तिला धड श्वास घेता येत नव्हता. चाचांनी वहीचा कागद फाडून वेळ लिहिली आणि तिच्या हातात दिली. मोठ्या गटात असती तर तिसरी आली असती. नेणार होते दोघींना. काटकुळी पोर धाकट्या गटात दुसरी आली. तिच्या आईने मला लांबून हात जोडले. मला कुठे बघावे ते कळेना.

परतीच्या गाडीत बाबा ड्रायव्हरजवळ जाऊन बसले. सुजाता एकटी मागे. मी चाचांना म्हटले, "माझ्यापायी तुमची खुर्ची गेली."

"लोखंडी हुती. लई टोचायची."

"तुमाला ठाऊक हुतं का, त्या दिवशी?"

"तुमचं तोंड बघूनच कळलं हुतं."

"मग सही का केली?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "अक्का, मी वाट बघत हुतो. तुमी वळणावर दिसायला हुता. पण फाटकातून आत शिरल्याबगर मी नाव कसं घेऊ?"

"आन मी बोललेच नसते तर?"

"तर घड्याळ चालू केलं नसतं," ते म्हणाले. टोपी परत डोक्यावर घातली. "शिट्टी तोंडात हुती. वाजवली न्हाय. बगितलं न्हाय का तुमी?"

सुजाता माझ्याशी आठ-दहा दिवस बोलली नाही. ताट समोर ठेवले तर जेवायची. सायकल भिंतीला टेकलेली होती. मग एक दिवस चाचाच आले, ओसरीत उभे राहून हात पुढे केला आणि म्हणाले, "जन्माचा दाखला?" आणि मला घेऊन ग्रामपंचायतीत गेले. नर्सबाईंनी नोंद केलेली होती. जुन्या रजिस्टरमध्ये सापडली, वाळवीने कोपरा खाल्लेला, पण तारीख शाबूत. तिथून शाळा, तिथून तालुका, तिथून आधारचे केंद्र. किती फेऱ्या झाल्या ते मोजले नाही. दर ठिकाणी कुणीतरी म्हणायचे, "एवढं कशाला, चालतंय की." चाचा म्हणायचे, "चालत न्हाय साहेब. गाडी दुसऱ्या गावाला जाती." शेवटच्या फेरीला बाबा ट्रॅक्टर उभा करून स्वतः आले. रांगेत उभे राहिले.

नवे लायसन थंडीत मिळाले. उमरग्यातून छापून, प्लास्टिक घालून आणले. सुजाता ते घेऊन धरणावर गेली. हात पुढे आला. "पास?" तिने दिले. चाचांनी पुढून वाचले, मागून वाचले, उन्हाकडे धरून बघितले. खऱ्या तारखेवर अंगठा फिरवला.

"बरोबर हाय. बसा गाडीत."

सुजाता हसली. किती महिन्यांनी हसली होती.

पुढच्या निवडीत ती मोठ्या गटात उतरली. जिल्ह्यात दुसरी, राज्यात सहावी. वसतिगृहाची जागा मिळाली नाही. पण शिवणाच्या क्लासचे नाव घरात कुणी काढले नाही. वेळ घ्यायच्या टेबलावर त्या दिवशी चाचांना परत बोलावले होते. ते गेले नाहीत. मांडवाबाहेर आपली घडीची खुर्ची टाकून बसले आणि स्वतःच्या वहीत सगळ्या मुलींच्या वेळा लिहिल्या.

उन्हाळ्यात एके दिवशी चार वाजता भिंतीवर जायला म्हणून खुर्ची काखेत घेतली आणि दारातच बसले. पुन्हा उठले नाहीत. मी गेले तेव्हा चाची भिंतीला टेकून बसल्या होत्या. वही त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी मला शेवटचे पान दाखवले. वर त्या दिवसाची तारीख घातली होती. खाली काहीच नव्हते. टेम्पो नाही, जीप नाही, निळी सायकल नाही. आलेली नसताना ते कुणाचे नाव कसे लिहितील?

यंदा जूनमध्ये शाळेत पहिलीचे प्रवेश चालू होते. मी चुलीवर पाणी ठेवले होते. खिडकीतून हेडमास्तरांचे टेबल दिसते. एक बाई पोरीला घेऊन उभी होती. ऊसतोडीवरून आलेली असावी, हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. सर विचारत होते, जन्मतारीख? बाईचा नवरा म्हणाला, "लावा की गुरुजी, एक जून." बाई पदराचे टोक तोंडात धरून उभी होती.

मी चूल बारीक केली. हात पुसले आणि बाहेर गेले. सरांनी मान वर केली, कारण मी कधी त्या टेबलापर्यंत येत नाही. मी त्या बाईपुढे हात केला. तळवा वर, बोटे थोडी वाकलेली.

"बाई," मी म्हटले, "पोरगी कवा झाली? खरी सांगा. मी उभी हाय."